गटारातली पुडी कोणी मोजायची?

वाचकहो, उद्या सकाळी फिरायला निघाल तेव्हा एक छोटेसे निरीक्षण करून पाहा. घरापासून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत फार तर शंभर पावलांचे अंतर असेल. परत येताना रस्त्याच्या कडेला, गटाराच्या जाळीजवळ, जिन्याच्या पहिल्या वळणावर नजर टाका. विडीची थोटके, सिगारेटचे पिवळट बूड, तंबाखूच्या फाडलेल्या पुड्या, चुन्याच्या चिमुकल्या पिशव्या, पानमसाल्याची चकचकीत पाकिटे दिसतील. मोजायला लागलात तर घरी पोहोचेपर्यंत आकडा विसरून जाल, इतकी ती असतात. भिवंडीत गेली अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करताना मीही ती रोज ओलांडून दवाखान्यात येत होतो. ती मोजावीत असे मलाही कधी सुचले नव्हते.

एका घटनेने माझी दृष्टी तिकडे वळवली. एका संध्याकाळी एक आजी आपल्या अकरा महिन्यांच्या नातवाला कडेवर घेऊन धावतच आल्या. चाळीच्या सामाईक ओटीवर रांगताना बाळाने जमिनीवरचे काहीतरी उचलून तोंडात घातले होते. बाळ फिकुटले होते, तोंडातून लाळ गळत होती, दोनदा उलटी झाली होती. हिरडीला चिकटलेला तंबाखूचा कण पाहताच विडीचे थोटूक असल्याचे ध्यानात आले. बाळाला तातडीने रुग्णालयात पाठवले, रात्रभर देखरेखीखाली ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ते हसत घरी गेले. आजी मात्र मला पुनःपुन्हा एकच सांगत होत्या, "डॉक्टर, आमच्या घरात कोणी विडी ओढत नाही हो." ते खरे होते. तंबाखू न ओढणाऱ्या घरातही तंबाखूचा कचरा पोहोचतो.

नातवंडे सांभाळणाऱ्या वाचकांनी येथे एवढे लक्षात ठेवावे. लहान मुलाने थोटूक किंवा तंबाखू तोंडात घातल्यास बोटाने हळूच ती बाहेर काढावी, ओल्या स्वच्छ कापडाने हिरड्या व जीभ पुसावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये, कारण उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत घ्यावा आणि बाळ बरे दिसत असले तरी रुग्णालय गाठावे. निकोटिनच्या विषबाधेची लक्षणे बहुधा पहिल्या काही तासांतच दिसतात. सुस्ती, झटके किंवा श्वासाला अडथळा ही धोक्याची चिन्हे आहेत.

चंची गेली, पुडी आली

आपल्यापैकी अनेकांना वडिलधाऱ्यांच्या कमरेची चंची आठवत असेल. कापडी चंचीत तंबाखू, चुन्याची डबी, सुपारी, अडकित्ता असा सारा सरंजाम असे. ती तंबाखू आजच्याइतकीच घातक होती. तोंडाचा कर्करोग तेव्हाही होत होता. परंतु तिच्या मागे कचरा फारसा उरत नसे. एक चंची वर्षानुवर्षे टिके. पुढे एकेका बाराची पुडी बाजारात आली. रुपया-दोन रुपयांत मिळणारी, फाडली की फेकायची. पूर्वी वर्षात एकदा फाटणाऱ्या चंचीऐवजी दिवसाला दहा पुड्या रस्त्यावर पडू लागल्या.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात याचे प्रमाण अधिक दिसते, त्यालाही कारण आहे. कारखान्यात सूत आणि कापसाची पिंजण हवेत असते. तेथे विडी पेटवणे म्हणजे आगीला आमंत्रण. बारा-बारा तासांची पाळी, मागांचा अखंड खडखडाट आणि झोप आवरण्याची धडपड यात कामगार तळहातावर तंबाखू मळतो. पुडी खाली पडते, झाडलोटीत गटारात जाते, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून कामवारी नदीकडे वाहते. पावसाळ्यात गटारे तुंबून पाणी घरात शिरते, तेव्हा त्या गाळात या पुड्यांचा थरच्या थर निघतो. त्या पाण्यातून सर्वांत हळू चालणारी माणसे कोण? आपल्यासारखी वृद्ध आणि पायाला जखम असलेले मधुमेही.

भंगार वेचणारेही या पुड्यांना हात लावत नाहीत. बाटली विकली जाते, पुठ्ठा विकला जातो. अनेक थरांच्या, बोटभर लांबीच्या पुडीला कोणी पैसा देत नाही. म्हणून ती मागे राहते, आणि थंडीच्या दिवसांत कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग पेटवला जातो तेव्हा धूर होऊन आपल्या खिडकीतून आत येते. दमा किंवा जुना फुप्फुसविकार असलेल्या रुग्णांना त्या आठवड्यात वाफारा घ्यायला माझ्याकडे यावे लागते.

सिगारेटच्या बुडाविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. अनेकांना ते कापसाचे वाटते. प्रत्यक्षात ते सेल्युलोज अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या तंतूंचे असते. ते लवकर कुजत नाही. त्याचे बारीक धागे होत जातात. फिल्टर असल्यामुळे सिगारेट सुरक्षित होते, हा समजही चुकीचा आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालानुसार, छिद्रयुक्त फिल्टरसह सिगारेटच्या रचनेत झालेल्या बदलांनंतर धूम्रपान करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला. म्हणजे बूड ओढणाऱ्याचे रक्षण करीत नाही आणि फेकल्यावर पाण्याचेही.

देशाचा आकडा आहे, गल्लीचा नाही

हा कचरा किती, याचे एक राष्ट्रीय उत्तर आपल्याकडे आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची नोएडा येथील राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था आणि जोधपूरचे एम्स यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. १७ राज्यांतून सिगारेटचे ७०, विडीचे ९४ आणि धूरविरहित तंबाखूचे ५८ ब्रँड गोळा करून त्यांच्या वेष्टनांतील प्लास्टिक, कागद, पन्नी व फिल्टर वेगवेगळे तोलले गेले. देशातील तंबाखूसेवनाच्या पाहणीशी ते ताडून काढलेला अंदाज वर्षाला सुमारे १,७०,३३१ टनांचा आहे. त्यात सुमारे ७३,५०० टन प्लास्टिक आणि सुमारे ८९,४०० टन कागद आहे. फिल्टरचा वाटा सुमारे १,३५० टन, म्हणजे एकूण कचऱ्याच्या एक टक्क्याहूनही कमी.

या शेवटच्या आकड्याजवळ क्षणभर थांबा. जगात या विषयावरचे बरेचसे संशोधन सिगारेटच्या बुडावर झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार दरवर्षी सुमारे साडेचार लाख कोटी बुडे जगभर उघड्यावर पडतात. अमेरिकेतील सॅन डिएगोच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की, एक लिटर पाण्यात ओढलेल्या सिगारेटचे जेमतेम एक बूड भिजवले तरी त्या पाण्यातील निम्मे मासे चार दिवसांत मरतात. हे ज्ञान मोलाचे आहे. परंतु २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आहेत. आपला प्रश्न मुख्यतः पुडीचा आहे. सॅन डिएगोचे उत्तर जसेच्या तसे भिवंडीला लागू पडणार नाही.

शिवाय राष्ट्रीय अंदाज वेष्टनांचे वजन आणि सेवनाची टक्केवारी यांच्या गुणाकारातून येतो. त्यातील किती माल कचरापेटीत गेला, किती गटारात, शाळेजवळ कोणती पुडी अधिक पडते, पाळी सुटल्यावर किती आणि सणाच्या दिवशी किती, हे त्यातून कळत नाही. ते कळायचे तर कोणीतरी गल्लीत उतरून मोजले पाहिजे.

मोजणीने काय साधेल?

"मोजून काय होणार? कायदे आहेत, अंमलबजावणी नाही," असे आपण म्हणाल. मोजणीची गरज नेमकी तेथेच आहे. कायदे खरोखरच पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात गुटखा व पानमसाल्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार गुटखा, तंबाखू आणि पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत भरता किंवा विकता येत नाही. सिगारेटच्या पाकिटावरची प्लास्टिकची झिल्ली १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बंदीत आली. मात्र सिगारेटच्या बुडाचे नाव त्या यादीत नाही. तंबाखूच्या वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर आरोग्याचा इशारा असला पाहिजे, हा दंडकही २०१६ पासून आहे.

आता गटाराच्या कडेची पुडी पुन्हा पाहा. ती या सर्व कायद्यांची साक्षीदार आहे. तिच्यावर मालाचे व उत्पादकाचे नाव असते. इशारा आहे की नाही ते दिसते. ती कागदी की प्लास्टिकची ते हाताला कळते. बंदी असलेल्या मालाची पुडी रस्त्यावर पडलेली असेल, तर तो माल शहरात येतो एवढे निश्चित. दुकानदाराला विचारले तर तो नाही म्हणेल, खाणारा लाजेल. पुडी खोटे बोलत नाही. "आमच्या भागात फार घाण आहे" असा अर्ज कार्यालयात पडून राहतो. "या शंभर मीटरांत बारा महिने, महिन्यातून दोनदा मोजले, इतक्या पुड्या सापडल्या, त्यांतील इतक्या प्लास्टिकच्या, इतक्या बंदी असलेल्या मालाच्या" असा तक्ता बाजूला सारणे कठीण जाते. अन्न व औषध प्रशासन, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि महापालिका या तिघांनाही त्यातून आपापले काम नेमके कळते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातील डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी करून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखू आणि मुखकर्करोग यांचा संबंध आपल्याच मातीत, घरोघर फिरून असा मांडला गेला. त्या काळच्या या पाहण्यांना पैसा कोठून आला, हे ज्येष्ठ वाचकांना गमतीचे वाटेल. रेशनवर मिळणारा अमेरिकन गहू आठवतो ना? पीएल-४८० करारातील त्या धान्याच्या मोबदल्यात भारतात जमा झालेल्या रुपयांतून असे संशोधन चालले. इच्छा असली की पैशाला वाट सापडते.

पैसा कोणाचा घ्यावा, कोणाचा घेऊ नये

आज ती वाट कोणती? कॅलिफोर्नियाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील मतदारांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर २५ सेंट जादा कर लावण्याचा प्रस्ताव मान्य केला आणि त्या उत्पन्नातील ५ टक्के तंबाखूविषयक संशोधनाला बांधून दिले. कॅलिफोर्निया विद्यापीठामार्फत चालणारा तो संशोधन कार्यक्रम रहिवासी आणि विद्यापीठ यांनी मिळून करायच्या अभ्यासांनाही साहाय्य देतो. सॅन फ्रान्सिस्को शहराने २००९ मध्ये बुडांच्या सफाईसाठी पाकिटामागे २० सेंटांचे शुल्क बसवले. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने फिल्टरच्या सफाईचा खर्च उत्पादकांवर टाकण्याचे ठरवले.

आपल्याकडेही तंबाखूचा पैसा विशिष्ट कामाला बांधून ठेवण्याची रीत होती. १९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसवून विडी कामगारांच्या आरोग्य, शिक्षण व घरकुलांसाठी निधी उभारला गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर तो उपकर रद्द झाला. तंबाखूवर आजही भरघोस कर आहे. त्यातील अल्पसा वाटा तिच्या कचऱ्याच्या स्थानिक अभ्यासासाठी बांधून द्यावा, ही मागणी आपण लोकप्रतिनिधींकडे करायला हवी. तोवर महापालिकेच्या घनकचरा विभागाची तरतूद, विद्यापीठांचे आणि वैद्यक संशोधन परिषदेचे अनुदान, तसेच २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा नफ्याचा २ टक्के हिस्सा हे मार्ग आहेत. भिवंडीच्या आसपास गोदामे थाटलेल्या कंपन्यांत असा खर्च करणाऱ्या अनेक असतील.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. तंबाखू कंपनीने स्वतःहून देऊ केलेली देणगी स्वीकारू नये. कायद्याने घेतलेला कर वेगळा आणि कंपनीने दिलेला धनादेश वेगळा. भारताने २००४ मध्ये मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराचे ५.३ कलम सार्वजनिक आरोग्याची धोरणे या उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवण्यास सांगते. ज्याची पुडी मोजायची, त्याच्याच पैशाने वजनकाटा घेतला तर काट्यावर कोण विश्वास ठेवील?

एका प्रभागाचा हिशेब

अशा पाहणीला फार मोठी रक्कम लागत नाही. एका प्रभागासाठी मी मांडलेला वर्षाचा अंदाज असा: नोंदी ठेवणाऱ्या एका अर्धवेळ सहायकाला दरमहा ८,००० प्रमाणे ९६,००० रुपये, हातमोजे, लांब चिमटे, पिशव्या आणि वजनकाटा यांना १०,०००, प्रशिक्षण व प्रवास १५,०००, नाल्याच्या पाण्याच्या तपासणीला २०,०००, तक्ते, छपाई आणि रहिवाशांच्या सभा यांना १५,०००. एकूण १,५६,००० रुपये. तोंडाच्या कर्करोगाच्या एका रुग्णावर कुटुंबाला करावा लागणारा खर्च ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रक्कम मोठी वाटणार नाही.

पद्धत साधी, पण शिस्तीची हवी. टपरीजवळचा, शाळेजवळचा, कारखान्यांच्या रांगेतला आणि निव्वळ वस्तीचा असे चार पट्टे निवडावेत. प्रत्येकी शंभर मीटर. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, झाडू फिरण्यापूर्वी मोजणी व्हावी. थोटके, बुडे, कागदी पुड्या, प्लास्टिकच्या पुड्या, पाकिटे असे प्रकार वेगळे मोजावेत आणि सुकवून तोलावेत. मोजणीची पद्धत व निष्कर्ष एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा वैद्यकीय संस्थेच्या जाणकारांकडून तपासून घ्यावेत. लोकांना सवयी किंवा आजार विचारायचे असतील, तर नीतिशास्त्र समितीची संमती आधी मिळवावी. कोणत्याही माणसाचे किंवा टपरीवाल्याचे छायाचित्र काढू नये. पोट भरण्यासाठी टपरी टाकणाऱ्याला गुन्हेगार ठरवणे हा या कामाचा हेतू नाही, आणि तसा संशय जरी आला तरी वस्तीचे सहकार्य संपेल.

निष्कर्षांबाबतही प्रामाणिक राहावे लागेल. कामवारीच्या पाण्यात सांडपाणी आहे, रंगाई आणि सायझिंगचे पाणी आहे. नदीच्या दुखण्याचे सारे खापर पुड्यांवर फोडता येणार नाही. पुड्या किती आणि कोठून येतात एवढे जरी ठामपणे सांगता आले तरी पाहणी सार्थकी लागेल.

आपण कोठे आहात?

हे सारे तरुणांनी करावे, असे वाटत असेल तर थोडा विचार करा. सकाळी ठरलेल्या वेळी फिरणारे कोण? गल्लीत कोणती टपरी कधी आली, नाला पूर्वी कोठून वाहत असे, हे आठवणारे कोण? चिकाटीने वही ठेवणारे निवृत्त शिक्षक, लिपिक, बँक कर्मचारी कोठे बसलेले असतात? वऱ्हाळादेवी तलावाच्या काठी सकाळी भेटणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या एका कट्ट्यात असे चौघे सहज निघतील. वाकून वेचण्याचे काम त्यांनी करू नये. गुडघे आणि कंबर सांभाळावी. मोजलेले लिहून घेणे, महिन्याची बेरीज करणे, अर्जाचा मसुदा करणे आणि त्याचा पाठपुरावा करणे हे त्यांचे काम. काळजीवाहू सुनांना आणि मुलींना आठवड्यातून एक तास मोकळा मिळाला, तर मुलांसह त्याही उतरतील.

आणि आरंभ घरातून व्हावा. घरात मशेरीची डबी असेल तर ती नातवंडांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. त्याहून बरे, ती सोडण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोला. साठीनंतर सोडून काय उपयोग, असे म्हणू नका. तंबाखू कोणत्याही वयात सोडली तरी शरीराला लाभ होतो. तोंडात न बरा होणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला त्रास यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तपासून घ्या. तंबाखू सोडण्यासाठी शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

ते बाळ आता चालू लागले आहे. आजी त्याला लसीकरणाला घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत शाळेची जुनी वही होती. ओटीवर आणि जिन्यात रोज किती थोटके सापडली, याच्या उभ्या रेघा त्यांनी तारखेवार ओढल्या होत्या. आकडे त्यांना लिहिता येत नाहीत. त्या रेघा दाखवून त्यांनी चाळीच्या बैठकीत ओटीजवळ वाळूचा डबा ठेवायला लावला. डबा ठेवल्यानंतरच्या पानांवर रेघा पूर्वीपेक्षा विरळ होत्या.